खुर्ची रिकामी, रिलीव्हर पाठवावा

स्टील प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर सातच्या सडक अठरावर कुणाचा ब्राउझर बिघडला, की तो माणूस पायात चप्पल सरकवून थेट क्वार्टर ५-बीकडे निघायचा. आधी फोन करायची पद्धत नव्हती, कारण बिघडलेला असायचा तो फोनच. फाटक वाजायचं, पेरूच्या झाडाखाली चप्पल निघायची आणि बाहेरच्या खोलीच्या दारातून आवाज यायचा, "अंकुर बाबू, मीटिंगमदे तर नाही ना?"

अंकुर चुटे मीटिंगमध्ये नसायचाच. तरी तो एक बोट वर करायचा, लॅपटॉपकडे बघून "ओके सर, शुअर सर" म्हणायचा, आणि मग वळायचा.

गयाबाई काकूंच्या फोनमध्ये एक बाई शिरली होती. काहीही उघडलं की आधी ती यायची आणि आठ दिवसांत पोट कमी करा म्हणायची. काकूंनी तिला पंधरा दिवस सहन केलं, एकदा उलट उत्तरही दिलं, आणि मग तिला घालवायला अंकुरकडे आल्या. भय्याजी हटवारांचं दुखणं निराळं होतं. त्यांनी लेकीच्या लग्नाची पत्रिका इंटरनेटवर चढवली होती, पण लिंक पाठवली की तिच्यातल्या 'दामिनी' या नावाच्या जागी टक्क्यांची चिन्हं, इंग्रजी अक्षरं आणि आकडे यांची हातभर माळ पोचायची. अंकुरनं समजावलं की इंटरनेटच्या पत्त्यात मराठी अक्षर जसंच्या तसं जात नाही. एकेका अक्षराची, एकेका मात्रेची नऊ-नऊ चिन्हं होतात, आणि पलीकडच्या टोकाला पुन्हा जोडून घ्यावी लागतात.

"म्हंजे हे सगळे टक्के आमच्या दामिनीचे?" भय्याजींनी विचारलं.

"हो काकाजी."

"बारावीत नोते पडले एवढे," भय्याजी म्हणाले आणि समाधानानं गेले.

तर असं चाललं होतं. सगळ्या सडकेला माहीत होतं की चुट्यांचा अंकुर हैदराबादच्या कंपनीत आहे, घरूनच काम करतो, आणि कामाचा एवढा पक्का आहे की जेवायलाही खुर्चीवरून उठत नाही.

कंपनीनं त्याला काढून सात महिने झाले होते.

काढायचा फोन चार मिनिटांचा होता. पलीकडच्या बाईंनी कारण नीट, सविस्तर सांगितलं, पण तेवढा वेळ त्यांचाच माईक बंद होता. त्यामुळे आपल्याला कशासाठी काढलं हे अंकुरला कळलंच नाही, आणि "मॅडम, पुन्हा सांगता का" म्हणायची त्याला लाज वाटली. कंपनीचा लॅपटॉप परत गेला. पॉवर हाऊस भागातल्या बाजारातून त्यानं एक जुना आणला आणि घरी सांगितलं की नवीन दिला आहे, फक्त दिसायला जुना आहे. ओळखपत्राची गळ्यातली निळी पट्टी तेवढी राहिली होती, ती तो रोज सकाळी नऊला घालायचा. मग बंद कॅमेऱ्यासमोर, कुणीच नसलेल्या मीटिंगमध्ये, तो स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल इतपत बोलायचा. एकदा बोलता बोलता त्यानं स्वतःच्याच सूचनेला कडाडून विरोध केला. आईनं ते ऐकलं आणि संध्याकाळी सडकेवर सांगितलं की आमचा अंकुर साहेबाचंही ऐकून घेत नाही.

वडील प्लांटात होते. रिटायरमेंटला दोन वर्षं राहिली होती. ते काही म्हणायचे नाहीत. ड्यूटीवर जाताना दारातून एकदा आत बघायचे, मुलगा खुर्चीवर बसलेला दिसला की स्कूटरला किक मारायचे. ती किक ऐकू आली की अंकुरला रोज तेवढंच वाटायचं, की आज सांगून टाकावं. किक लागायची, स्कूटर जायची.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात शालिकरामजी आले.

ते समोरच्या क्वार्टरमध्ये, मुलाकडे राहत. वय एकाहत्तर. चौतीस वर्षं प्लांटात कोक ओव्हनच्या, म्हणजे कोळशाच्या भट्ट्यांच्या, कंट्रोल रूममध्ये काढलेली. रिटायर होऊन अकरा वर्षं झाली, तरी सकाळी सहा, दुपारी दोन आणि रात्री दहा या तीन वेळा पाळी बदलताना ते जिथं असतील तिथून एकदा उठून उभे राहायचे. जेवताना घास हातात धरून उभं राहिलेलं अंकुरनं स्वतः पाहिलं होतं. काखेत रजिस्टर असायचं. दिवसभरात जे होईल ते वेळ घालून त्यात लिहायचं आणि खाली सही करायची. 'वेळ ११.२०. भाजीवाला आला. भेंडी जून. परत पाठवला.'

"हे पाह्य ना बाबू," ते म्हणाले. "एक लिंक आली मले. उघडूनच नाही राहिली."

"द्या, फोन द्या."

"फोन कायले? मी उतरवून आणली."

त्यांनी रजिस्टर उघडलं. एक पूर्ण पान आणि दुसऱ्याचा अर्धा भाग भरून टक्क्यांची चिन्हं, अक्षरं, आकडे. सगळं हातानं लिहिलेलं, एकही खाडाखोड नाही, दर दहा चिन्हांनंतर शिसपेन्सिलीची बारीक रेघ.

"काकाजी, फॉरवर्ड करून द्यायची ना मले."

"मोबाइलमदलं मोबाइलमदेच राह्यते. रजिस्टरमदलं पक्कं."

"पण पाठवली कोणं?"

"नंबर नाही. नंबराच्या जागी नुसता टाइम आहे. चौदा वाजून शून्य मिनिटं."

हे विचित्र आहे असं अंकुरला वाटायला हवं होतं. त्याच्या मनात आलं ते एवढंच, की तीन-साडेतीनशे चिन्हं टाइप करायची आणि शेवटी उघडली नाही तर? म्हाताऱ्यासमोर आपल्याला एक लिंकसुद्धा उघडता येत नाही हे दिसेल. मग कदाचित आपल्याला का काढलं तेही कळेल.

"सर्व्हर डाऊन आहे," तो म्हणाला.

"कोणाचा?"

"त्यांचा. म्हणजे वरचा."

"कितीक वाजता डाऊन झाला?"

"सकाळी... साडेदहा."

शालिकरामजींनी लिहून घेतलं, सही केली. "बरं. उद्या येतो."

ते दुसऱ्या दिवशी दोनला आले. तिसऱ्या दिवशी आले. येताना कधी कुरकुर नाही, जाताना कधी टोमणा नाही. सर्व्हर डाऊन म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावर आदर यायचा. मोठी यंत्रं बंद पडतात आणि माणसं त्यांची वाट बघतात, यात त्यांचं आयुष्य गेलं होतं.

याच दिवसांत दुर्गचं स्थळ आलं. मुलगी हर्षा लांजेवार, तिथल्याच एका शाळेत गणित शिकवायची. पत्रिका बघून झाली, फोटो बघून झाले, येत्या रविवारी चार वाजता मुलीकडचे येणार असं ठरलं. आईनं पाहुण्यांचे कप माळ्यावरून काढले. बुधवारी हर्षाचा फोन आला, तिनं तो वडिलांच्या नकळत केला होता.

"देखिए, बुरा मत मानिए," ती म्हणाली, "मले एकच विचारायचं होतं. नोकरी कितीची आहे ते नाही. तुमाले तुमचं काम आवडते का, बस."

"हो," अंकुर म्हणाला. "खूप."

"फिर ठीक है," ती म्हणाली. आवाजात इतकं खरं हलकेपण होतं की फोन ठेवल्यावर तो किती तरी वेळ गळ्यातली पट्टी बोटाला गुंडाळत बसला. आईबापांना फसवणं एक. ही बाई तर त्याच्या एका शब्दावर घर सोडून येणार होती. रविवारच्या आत सांगायला हवं, असं त्यानं ठरवलं. बुधवार होता. अजून खूप दिवस होते.

त्याच दिवशी दोनला शालिकरामजी आले, आणि सही करताना रजिस्टर त्याच्याकडे वळलं. अंकुरला सगळं पान एकदम दिसलं.

'१४.०५. लिंक उघडली नाही. कारण सर्व्हर डाऊन, अंकुरच्या सांगण्यावरून.' त्याच्या खाली तेच. त्याच्या खाली तेच. अकरा ओळी, अकरा सह्या, एकसारखं वळण. अकरापैकी एकाही ओळीत शंका नव्हती.

"काकाजी," तो म्हणाला, "ते लिंकचं पान फाडून द्या मले. मी संध्याकाळी पाह्यतो."

"फाडता नाही येत. रजिस्टर ठेवून घे. सहा वाजता नेतो."

ते गेल्यावर अंकुरनं दार लोटलं आणि टाइप करायला बसला. पाऊण तास लागला. दुखणं भलतंच साधं निघालं. लिंकच्या मध्ये एक मोकळी जागा होती. फोन तेवढ्या जागेपाशी थांबत होता आणि अर्धाच पत्ता उघडू बघत होता. मोकळ्या जागेच्या ठिकाणी तिची खूण घालायची, दोन तुकडे जोडायचे, झालं. पाच मिनिटांचं काम, त्यासाठी अकरा दिवस.

उघडण्याआधी त्यानं सवयीनं ती चिन्हं पुन्हा मराठीत करून बघितली. सुरुवातीच्या साइटचं नाव त्यानं कधी ऐकलं नव्हतं. पुढं एकेक तिरपी रेघ आणि एकेक शब्द होता.

सेक्टर-७. सडक-१८. ५-बी. बाहेरची-खोली. खुर्ची. मग ती मोकळी जागा. तिच्यापुढं काही जोडायचं राहिलं असावं तसं एकच अक्षर, र, आणि तिथं लिंक संपत होती.

त्यानं एंटर दाबलं.

एक खोली दिसली. वरच्या कोपऱ्यातून, मागून घेतलेली. टेबल, टेबलावर उघडा लॅपटॉप, भिंतीवर घड्याळ, खिडकीचा पडदा, मंडळाचं कॅलेंडर. आपलीच खोली आहे हे कळायला त्याला मिनिटभर लागलं, कारण आपली खोली माणूस छताकडून बघत नाही. फोटो असेल. मग पडदा हलला. त्यानं मान वळवून खऱ्या पडद्याकडे पाहिलं, तोही हलत होता. घड्याळात तीन वाजून आठ मिनिटं झाली होती, दोन्हीकडे.

फक्त खुर्ची रिकामी होती.

अंकुर तिच्यावर बसलेला होता. त्यानं हात वर केला. तिकडं कुणी केला नाही. तो स्टूल घेऊन कोपऱ्यात चढला. तिथं एक जुना खिळा आणि कोळ्याचं जाळं होतं, कॅमेरा नव्हता. मग लोकांना सांगायचा ते सगळे उपाय त्यानं केले. ब्राउझर बंद करून उघडला, जुना साठा पुसला, दुसरा ब्राउझर घातला, लॅपटॉप बंद करून सुरू केला. शेवटी स्वतः उठून फाटकापर्यंत गेला आणि परत येऊन बसला. खुर्ची रिकामीच.

सहाला शालिकरामजी आले, दारातच थांबले. "उघडली?"

अंकुरच्या तोंडावर आलं होतं. पण काय सांगायचं? की उघडली, आणि तिच्यात मी नाही?

"सर्व्हर डाऊन आहे, काकाजी."

शालिकरामजींनी लगेच लिहिलं नाही. ते आत आले आणि दिवाणावर बसले. एवढ्या दिवसांत ते पहिल्यांदाच बसले होते.

"बाबू, एक बोलू? राग नको येऊ देऊ." त्यांनी आवाज खाली घेतला. "कंट्रोल रूममदे चौतीस वर्षं मी लोकाइचे डोळे पाह्यले. काम करून थकलेले डोळे येगळे अन् नुसते बसून थकलेले डोळे येगळे. तुही नोकरी गेली ना?"

अंकुरनं आतल्या दाराकडे पाहिलं. मग मान हलवली. होय अशी.

"कवा?"

"सात महिने."

"अन् तवापासून बसून राहिला? एकटा? सुट्टी नाही, काही नाही?" शालिकरामजींच्या आवाजात राग नव्हता, धक्का होता, तोही कामाच्या बाबतीतला. "आमच्या इकडे पुढच्या पाळीचा रिलीव्हर नाही आला तर खुर्ची सोडता येत नोती. आठ तास झाले, अजून आठ करा. पण तिसरी पाळी कोणी करू देत नोतं. माणूस पडते खाली. तू तर सात महिन्यापासून खुर्ची नाही सोडली."

"मंग का करू, काकाजी?"

"तू का करशील? हे तुह्या हातातलं नाही. हे लिहून द्या लागते." त्यांनी रजिस्टर गुडघ्यावर घेतलं आणि लाल शाईचा पेन काढला. अंकुरला वाटलं, म्हातारा आपल्याला बरं वाटावं म्हणून करून राहिला आहे. ते लिहीत असताना तो वाकून बघत होता. ओळ छोटी होती.

'१८.१०. ५-बी, बाहेरची खोली. खुर्ची रिकामी आहे. रिलीव्हर पाठवावा.'

"काकाजी, मी तर बसून आहो. रिकामी कावून लिहिलं?"

शालिकरामजींनी चष्म्यावरून खुर्चीकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"आता तूच सांग," ते म्हणाले.

गुरुवारी काही झालं नाही. शुक्रवारी आई गयाबाई काकूंकडे चिवड्याचं विचारायला गेली होती, तेव्हा दोन वाजायच्या आत अंकुर घराबाहेर पडला. शालिकरामजींना तोंड दाखवायची लाज वाटत होती. स्कूटीवर उतईच्या रस्त्याला लागला, एका रसवंतीपाशी थांबला, उसाचा रस घेतला, हर्षाला काय सांगायचं त्याची वाक्यं जुळवली. जुळली नाहीत. पाचला परत आला तर आई ओट्यापाशी पोहे भाजत होती.

"आज किती लंबी मीटिंग चालली तुही," ती म्हणाली. "दोनपासून. मी दरवाजा लोटून घेतला."

"मी तर..." अंकुर म्हणाला, आणि थांबला.

"हिंदीतून किती छान समजावून राहिला होता साहेबाले. आज पहिल्यांदा मले वाटलं, हो, खरंच काम करते हा." तिनं पोह्यांवरून नजर काढली नाही. "रोज नाही करत असं नाही. पण आज आवाज भरीव होता."

तो पुन्हा बाहेर आला, तर फाटकाशी गयाबाई काकू भेटल्या. "खुश रहा बाबू! ती बाई पुन्यांदा आली होती, तू दोन मिनिटात तिले मुळातूनच काढलं. मागच्या वेळी नुसती झाकली होती म्हणे."

"मी म्हटलं असं?"

"तूच नाही का म्हणाला मघाशी, मागच्या वेळचं काम कच्चं होतं म्हणून?"

आत येऊन त्यानं लॅपटॉप उघडला. लिंक आता लांब झाली होती. मोकळ्या जागेपुढच्या 'र'ला बाकीची अक्षरं येऊन चिकटली होती. त्यानं ती मराठीत करून बघितली नाही. सरळ उघडली.

खुर्चीवर कुणीतरी होतं. मागून दिसत होतं. मानेवर निळी पट्टी, डाव्या कानामागं तीळ. आपल्या कानामागं तीळ आहे हे अंकुरला माहीत नव्हतं. त्यानं बोट लावून बघितलं. होता.

तो माणूस टाइप करत होता. अंकुरनं हात मांडीवर ठेवले, पूर्ण स्थिर बसला. तो माणूस टाइप करत राहिला.

शनिवारी दोन वाजले, शालिकरामजी आले नाहीत. अंकुर दोनच्या आधीपासून त्यांच्याच फाटकापाशी उभा होता. अडीचला तोच आत गेला. ते व्हरांड्यात पेपर वाचत बसले होते.

"आज आले नाही, काकाजी?"

"आता तर आलो जाऊन." अर्धा तास अंकुरच्या समोरून कुणीच गेलं नव्हतं. त्यांनी रजिस्टर पुढं केलं. 'वेळ १४.००. लिंक उघडली. रिलीव्हर हजर. चार्ज घेतला.' खाली सही होती. अंकुर चुटे. अंकुरच्या सहीत 'चुटे'मधला टे नेहमी गडबडीत निसटायचा. इथं तो नीट होता.

"हा मी नाही," अंकुर म्हणाला.

"माहीत आहे मले. मी पाह्यलं ना त्याले. चांगला आहे." शालिकरामजी मनापासून हसले. "तू सुटला, बाबू. पाळी संपली तुही. आता घरी जा, झोप."

"घरी कुठं जाऊ? तो घरीच तर बसला आहे."

शालिकरामजींचं हसू हळूहळू उतरलं. पेपर घडी करून त्यांनी बाजूला ठेवला. प्लांटात सुटलेला माणूस गेटातून बाहेर पडायचा, सायकल काढायचा आणि घरी जायचा. चौतीस वर्षांत गेटाच्या बाहेर घर नाही असा माणूस त्यांनी पाहिला नव्हता.

"हे..." ते म्हणाले. "हे मी धरलंच नाही हिशेबात."

"खोडून टाका ना ती ओळ."

"लॉग खोडता नाही येत, बेटा." त्यांनी रजिस्टर मिटलं. "खोडता आलं असतं तर तुहे अकरा 'डाऊन' मी कवाच खोडले असते."

रविवारी सकाळपासून घरात गडबड होती. वडील पेढे आणायला सिव्हिक सेंटरला गेले. आईनं आलूबोंड्यांचं सारण केलं, ओट्यावर पाहुण्यांचे कप ओळीनं मांडले. दोनला पाच मिनिटं कमी होती. अंकुर स्वयंपाकघराच्या दारात आला. गळ्यात पट्टी नव्हती. ती सकाळपासून सापडतच नव्हती.

"आई."

"हं."

"माही नोकरी नाही. सात महिन्यापासून नाही. मी खोटं बोललो. तुले, बाबाले, त्या पोरीले पण." एवढं बोलायला त्याला सात महिने लागले होते, आणि बोलून व्हायला दहा सेकंदं. "त्याइले येऊ नको देऊ. मी फोन करून सांगतो खरं काय ते."

आईनं गॅस बारीक केला. त्याच्याकडे बघितलं. त्याला वाटलं होतं ती रडेल, किंवा हातातला झारा फेकेल. दोन्ही चाललं असतं.

दोन वाजले.

बाहेरच्या खोलीत खुर्ची सरकली. मग आवाज आला, भरीव, शांत. कुणाला तरी काहीतरी समजावून सांगत होता. मध्येच समोरचा काही म्हणाला असावा, तो हसला. मोकळं हसला. अंकुरला तसं हसून सात महिने झाले होते.

आई ऐकत होती.

"मंग ते कोण आहे?" तिनं विचारलं.

"माहीत नाही. मी नाही."

"त्याची नोकरी आहे?"

अंकुरनं आवाजाच्या दिशेनं बघितलं. खोटं आता बोलायचं नव्हतं.

"हो," तो म्हणाला. "त्याची आहे वाटते."

आईचा चेहरा उतरला, मग पुन्हा सावरला. मीटर वाचायला आलेला माणूस घरात जरा जास्त वेळ थांबला तर ती जशी बघायची, तशी तिनं एकदा त्याच्याकडे पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

तिनं चहा टाकला. आलं किसलं. पाहुण्यांच्या कपांतला पहिला कप उचलून त्यात गाळला, काठोकाठ, आणि पदरानं बशी पुसून बाहेरच्या खोलीत घेऊन गेली.

आवाज थांबला. काही तरी हळू बोलणं झालं. आईचं, आणि त्याचं.

ती परत आली. कप रिकामा होता.

तिनं तो धुतला, पुसला, ओळीत जागच्या जागी ठेवला. मग ओल्या हातानंच मागच्या दाराची कडी काढली, आणि बाजूला होऊन, खाली बघत, अगदी आदरानं म्हणाली,

"तुमी इकून निंगता का? आमचे पाहुणे समोरून येतीन."